तोल सांभाळणारं माकड

हलणाऱ्या फलाटावर एक खुर्ची. खुर्चीत पट्ट्यांनी बांधलेलं ऱ्हिसस माकड, समोर जॉयस्टिक. फलाट कलला की दांडा हलवून तो सपाट करायचा. नाही जमलं तर विजेचा झटका. टेक्सासमधल्या ब्रूक्स हवाई दल तळावर माकडांना असं 'वैमानिक' केलं जायचं. तरबेज झाली की त्यांना किरणोत्साराचा मोठा डोस देऊन पुन्हा खुर्चीत बसवत. शोधायचं होतं ते एवढंच : अणुस्फोटात सापडलेला वैमानिक किती वेळ काम करत राहील?

ही माकडं आजारी पडत, त्यांना उलट्या होत. तरी झटक्याच्या भीतीनं ती तोल सांभाळायला बघत. ती धडपड म्हणजेच 'डेटा'.

इथे आपलाही संबंध येतो. ऱ्हिसस माकडं भारतातून हजारोंनी निर्यात होत. 1955च्या करारानुसार ती फक्त वैद्यकीय संशोधन आणि लसनिर्मितीसाठी होती. अमेरिकी लष्कराचे किरणोत्साराचे प्रयोग उघड झाल्यावर मोरारजी देसाई सरकारनं एप्रिल 1978पासून निर्यात थांबवली.

यावर 'सगळेच प्राणिप्रयोग वाईट' म्हणणं सोपं आहे. पण पोलिओची लस याच माकडांच्या जिवावर तयार झाली आणि ते डोस आपण घेतलेत. त्यामुळे मी स्वच्छ हातांनी बोलू शकत नाही. तरीही फरक दिसतो. तिथे प्रश्न मूल कसं वाचेल, हा होता. इथे मरणारा माणूस युद्धाच्या कामी किती वेळ येईल, हा. आणि माकड माणसासारखं आहे म्हणूनच हा प्रयोग उपयोगी ठरतो. मग दुखण्याच्या बाबतीतच ते वेगळं कसं?

ब्रूक्सवर सोळा वर्षं काम केलेले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड बार्न्स पुढे प्राणिहक्कांच्या चळवळीत आले. आपल्याला नैतिक आंधळेपण शिकवलं गेलं होतं, असं त्यांनी लिहिलं. प्राणी वापरल्याबद्दल आयुष्यभर शाबासकी मिळत गेली आणि प्रश्न पडायचे थांबले. म्हणजे खुर्चीतल्या माकडासारखंच खुर्चीबाहेरच्या माणसालाही घडवलं होतं. फक्त त्याला झटक्याऐवजी बक्षीस होतं.

बार्न्स क्रूर नव्हते, कामात चोख होते. मला भीती वाटते ती याचीच. आपणही टार्गेट, मार्क, पगार यांचा तोल सांभाळत असतो. हे सगळं कशासाठी, हा प्रश्न माकड विचारू शकत नव्हतं. आपण विचारू शकतो.