दैवी की मानवी?

झाशी जिल्ह्यातील टहरौलीसारख्या तहसिलीत पाऊस दगा देतो, पीक करपते आणि कचेरीच्या कागदावर ‘दैवी आपदा’ असे शब्द उमटतात. परप्रांती चाकरी करणाऱ्या आपणांपैकी पुष्कळांनी अशा कागदांवर सह्या केल्या असतील. त्यातील ‘दैवी’ हा शब्द आज कितपत खरा मानावयाचा, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हवामान मुळातच लहरी. त्यात माणसाचा हात ओळखावा कसा? १९१० साली वेधशाळाप्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी पावसाच्या नोंदी तपासून, भारताचे हवामान कायमचे बदलल्याचा पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. उपलब्ध आकडे पाहता तो प्रामाणिक होता. पुढे १९७९ साली क्लाउस हासेलमान यांनी संख्याशास्त्राची निराळी वाट दाखविली. प्रत्येक कारणाचा ठसा वेगळा असतो. सूर्य प्रखर झाला तर वातावरणाचे वरचे व खालचे दोन्ही थर तापतील. कोळशाच्या धुरातील वायू वाढला तर खालचा तापेल, वरचा निवेल. प्रत्यक्षात आढळला तो हा दुसरा ठसा. २०२१ साली हासेलमान यांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाने पृथ्वीच्या तापण्यातील माणसाचा हात निःसंशय ठरविला.

तथापि हा निवाडा साऱ्या पृथ्वीचा आहे. एका तहसिलीच्या एका हंगामाविषयी, त्यातही पावसाविषयी, इतक्या ठामपणे बोलता येत नाही. सांगता येते ती संभाव्यता. २०२२ च्या मार्च-एप्रिलमधील भारत-पाकिस्तानातील उष्म्याचा संभव मानवी कृतीने सुमारे ३० पट वाढला, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. शकुनीच्या एका दानावरून कपट सिद्ध होत नाही, शंभर दानांवरून होते. म्हणून ते एक दान निर्मळ होते, असे कोणी म्हणणार नाही.

‘या दुष्काळाचे कारण सिद्ध नाही, सबब कोणीच जबाबदार नाही’ हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. उलट, सारा दोष आकाशावर टाकून गाळाने भरलेला तलाव विसरणे, हीही तितकीच पळवाट होय. संख्याशास्त्र एकच गुन्हेगार पकडून देत नाही. ते प्रत्येकाचा वाटा दाखविते. बुंदेलखंडातील कोरडवाहू शेतकऱ्याचा त्यातील वाटा अत्यल्प, आणि भोग मात्र सर्वांत जड.

आपत्ती दैवी म्हटली की शेतकऱ्याला मिळणारी मदत ही दया ठरते. आपला वाटा मान्य केला, की ती देणे ठरते.