खेळातली कमाई

२०२१ साली, कोरोनाच्या काळात, फिलिपिन्समधले अनेक बेरोजगार 'अ‍ॅक्सी इन्फिनिटी' हा खेळ खेळून घर चालवू लागले. खेळायला आधी तीन 'अ‍ॅक्सी', म्हणजे खेळातले आभासी प्राणी, विकत घ्यावे लागत. ज्याच्याजवळ पैसा नसे त्याला एखादा मालक आपले प्राणी वापरायला देई आणि त्याने मिळवलेल्या 'एसएलपी' या क्रिप्टो चलनात वाटा घेई. वरवर पाहता ही मुदारबाच: एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफ्यात दोघे भागीदार. मग गैर ते काय?

प्रश्न नफा येतो कुठून, हा आहे. एसएलपी लागे ते मुख्यतः नवे प्राणी पैदा करायला, आणि ते विकत घ्यायला सतत नवा खेळाडू यावा लागे. तो ओघ आटला आणि २०२२ उजाडेपर्यंत एसएलपीचा भाव कोसळला.

शेतकऱ्याच्या घामातून धान्य येते, विणकराच्या हातून कापड. इथेही घाम खराच होता. पण कमाई निघाली ती मागून येणाऱ्याच्या खिशातून. मालक आणि खेळणारा दोघेही राजी होते. हा तिसरा मात्र त्यांच्या करारात कुठेच नव्हता. दोघांच्या रजामंदीने कमाई हलाल होत नाही. हलालची चौकशी त्या तिसऱ्याच्या दारापर्यंत गेली पाहिजे.