आधी पोरांना वाचून दाखव

चि. भाचीबाईंस,


दोनेक वर्षं बालकथा लिहून हात बसवायचा आणि मग मुंबईला जाऊन पटकथा लिहायच्या, हा तुझा बेत कळला. मुंबईला खुशाल जा. पण बालकथा म्हणजे नुसती उमेदवारी, हे डोक्यातून काढ.

सई परांजपे बघ. आई शकुंतलाबाईंनी लेकीला लिहितं केलं आणि वयाच्या आठव्या वर्षी सईचं ‘मुलांचा मेवा’ आलं. (तुझ्या आईनं त्या वयात तुला अबॅकसला घातलं होतं. असो.) पुढे पुणे आकाशवाणी, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, दूरदर्शन. ‘पत्तेनगरी’सारखी बालनाट्यंही लिहिली. ‘स्पर्श’च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याआधी ‘जादू का शंख’ आणि ‘सिकंदर’ हे मुलांचे चित्रपट करून झाले होते.

मुलं भिडेखातर बसून राहत नाहीत. कंटाळली की पाणी प्यायला उठतात, शेजारच्याला चिमटे काढतात. त्यांच्यासाठी लिहिताना तयार झालेली सईबाईंची नजर मला त्यांच्या ‘चश्मेबद्दूर’मध्ये (१९८१) दिसते. दीप्ती नवल ‘चमको’ पावडर विकायला दारात येते, फेस करून दाखवते, फारूक शेख बघत राहतो. प्रेमाचं अवाक्षर नाही, सगळं बोलणं धुण्याचं! आणि तरी काय चाललंय ते शेंबड्या पोरालाही कळतं.

‘कथा’ (१९८३) तर ससा-कासवाचीच गोष्ट, चाळीत आणलेली. फक्त यातला ससा, म्हणजे बाशू, सगळ्यांना टोप्या घालून सटकतो; त्याला अद्दल वगैरे घडत नाही. कासव नक्की जिंकलं का, यावर तुझी मामी आणि मी अजून भांडतो. बाईंनी शेवटी तात्पर्य सांगितलं असतं, तर भांडायला काही उरलंच नसतं.

आता तुझी खारीची गोष्ट. शेवटच्या पानावर आजी खारीला कष्टाचं महत्त्व समजावते, ते पान फाडून टाक. बाकीची गोष्ट सोसायटीतल्या दुसरी-तिसरीच्या पोरांना मोठ्यानं वाचून दाखव. हातात पेन्सिल ठेव, चुळबुळ सुरू झाली की तिथे खूण कर. नोकरी मात्र इतक्यात सोडू नकोस; बालमासिकाच्या मानधनात घरभाडं भागत नाही.

खुणांची प्रत तशीच पाठव, स्वच्छ टाइप करत बसू नकोस.

तुझा,
मामा