अट नसलेलं बक्षीसपत्र

नेवाशात दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून मी खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, बक्षीसपत्रं लिहितो. त्यामुळे ‘नटसम्राट’ सिनेमा मी जरा वाकड्या नजरेने पाहिला. 1 जानेवारी 2016 ला तो लागला. नाना पाटेकरांच्या स्वगतांना थिएटर रडत होतं आणि माझ्या डोक्यात एकच किडा: या गणपतराव बेलवलकरांनी होतं नव्हतं ते मुलांना देऊन टाकलं, पण कागदावर स्वतःसाठी एक ओळही कशी ठेवली नाही?

शेक्सपिअरचा लिअर निदान तेवढा व्यवहारी होता. राज्य वाटताना त्याने शंभर सरदार आपल्याकडे ठेवले आणि एकेका मुलीकडे महिना महिना राहायचं ठरवलं. पुढे पोरींनी शंभराचे पन्नास केले, पन्नासाचे पंचवीस, शेवटी एक तरी कशाला हवा म्हणाल्या. अट होती, ती पाळून घेणारं कोणी नव्हतं. पण लिअरच्या पदरी एक चूक पक्की आहे. खरं बोलणाऱ्या धाकट्या कॉर्डेलियाला त्याने हाकलून दिलं. शिरवाडकरांनी 1970 मध्ये त्याच्यावरून ‘नटसम्राट’ नाटक लिहिताना राजाचा नट केला, डॉ. श्रीराम लागूंनी तो रंगमंचावर उभा केला. पण यातल्या आप्पांना, म्हणजे बेलवलकरांना, एक मुलगा आणि एक मुलगी, तिसरी कॉर्डेलिया नाहीच. म्हणजे हाकलून दिल्याचं पापही नाही. तोंडाने फटकळ, पिण्याची सवय, हे सगळं खरं. तरी त्यांचं मोठं कृत्य एकच, दिलं. आणि त्याचं फळ फुटपाथ.

सिनेमा सुटल्यावर बाहेर पडणाऱ्यांच्या तोंडी दोन निकाल होते. एक, मागच्या जन्माचं देणं. दुसरा, साडेसाती. शनिशिंगणापूर आमच्याच तालुक्यात, तेव्हा दुसरा निकाल आम्हाला जरा जास्तच हाताशी. मला दोन्ही पटत नाहीत. मागच्या जन्मावर ढकललं की मारणारा सुटतो आणि मार खाणाराच कर्जदार ठरतो.

याच नेवाशात पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेवर टीका सांगितली, असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. त्या गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना तऱ्हेच्या चेष्टा, आणि दैव. दैव पाचवं आहे. आमच्याकडे मात्र पहिला नंबर त्याचाच. सतराव्या अध्यायात दानाचे प्रकार येतात. परतफेडीची आशा न धरता, देणं हे कर्तव्य म्हणून दिलं ते सात्त्विक. काही मिळावं म्हणून दिलं ते राजस. या मापाने आप्पांचं बक्षीसपत्र सात्त्विकाच्या जवळ जातं, आणि माझ्याकडचं अट घातलेलं प्रत्येक बक्षीसपत्र राजस. मग शास्त्राने ज्याला वरचं दान म्हटलं त्यानेच माणूस रस्त्यावर आला, याचं काय करायचं?

सिनेमात याचं अर्धं उत्तर आहे, बहुधा दिग्दर्शक महेश मांजरेकरांच्याही नकळत. नाटकात नसलेला रामभाऊ त्यांनी आणला, विक्रम गोखल्यांना तो दिला, आणि हॉस्पिटलात दोन म्हाताऱ्या नटांना कर्ण आणि कृष्णाचा प्रवेश करायला लावला. कर्णसुद्धा देऊनच बुडाला. मागणारा इंद्र आहे हे ठाऊक असून त्याने कवचकुंडलं कापून दिली. त्याला महाराष्ट्रात कोणी मूर्ख म्हणत नाही, आप्पांना मात्र सगळे म्हणतात. दान वाया गेलं म्हणून ते चुकीचं ठरत नाही, एवढं त्या प्रवेशातून मला कळलं. बाकी कॅमेरा चेहऱ्यांच्या फार जवळ जातो आणि सगळा राग सुनेवर आणि मुलीवर निघतो. राग काढायला माणूस सापडलं की प्रश्न विचारायची गरज उरत नाही.

प्रवरेकाठच्या एका गावचे बाबा मागे आले होते. तीन एकर आणि राहतं घर, दोन पोरांना. मी म्हणालो, “बाबा, सांभाळ करण्याची अट घालू.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पोरं चहाला गेलेली आहेत हे मान वळवून पाहिलं आणि हळूच म्हणाले, “नको भाऊसाहेब. पोरांना वाटंल, बापाचा इस्वास नाही.”

त्यांना मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर प्रांताकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं. लिअरला मिळालं नाही ते हेच. आप्पांचं दुःख मात्र या कलमात मावत नाही. प्रांतसाहेब घर परत देतील. मुलीने बापावर घेतलेला चोरीचा संशय कोणत्या अर्जाने रद्द होणार?

तरीही अट घाला. दान एक पायरी उतरून राजस झालं तर होऊ द्या. आणि दस्तावर सही करण्याआधी ती ओळ पोरांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवा.