औदुंबरापाशी

बालकवींची ‘औदुंबर’ आठच ओळींची आहे. पाठ असली तरी आज पुस्तक उघडा. पहिल्या दोन ओळी सावकाश वाचा आणि थांबा. झरा दिसू द्या, त्याच्या दोन्ही काठांचं हिरवं दिसू द्या, मधली बेटं दिसू द्या. अर्थ शोधायचा नाही. श्वास लांबला तर लांबू द्या.

मग टेकडीकडचं ते मोजक्या घरांचं गाव येतं, पुढे दाट शेतमळे. इथे जरा रेंगाळा. गाव आहे, पण माणूस एकही नाही. पाण्याला आलेली बाई नाही, बैलांमागे चाललेला कुणी नाही. मग हे सगळं पाहतंय कोण? आठ ओळींत कवी ‘मी’ म्हणत नाही. पाहणाऱ्याची जागा त्याने मोकळी सोडली आहे. तिथे आता तुम्ही उभे आहात.

पायवाटेला लागा. ती पांढरी आहे, वेडीवाकडी आहे, आणि कुरणांतून थेट डोहाकडे जाते. वाट घराकडे नेते ही आपली सवय. ही काळ्या पाण्याशी नेते. माझं मन इथे दर वेळी कचरतं. तुमचंही कचरलं तर त्याला पुढे ढकलू नका.

या डोहात कुणाला मृत्यू दिसला, कुणाला वैराग्य, कुणाला उदासी. त्यात कवीचं चरित्र येऊन मिळतं. १८९० साली धरणगावात जन्मलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे १९१८च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले. वय सत्तावीस. हे ठाऊक असलं की पाणी आणखी काळं दिसतं. मी ते दुःख कवितेच्या बाहेर ठेवते. कारण त्या काळिम्याला कवीने गोडवा दिला आहे, आणि त्याचा शब्द मला त्याच्या मरणापेक्षा मोठा वाटतो.

आता झाडाकडे पाहा. औदुंबर म्हटलं की आपले हात आपसूक जोडले जातात. नरसोबाची वाडी आठवते, कृष्णाकाठच्या दत्ताच्या पादुका आठवतात. ही भक्ती मनात असू द्या, मात्र कवितेत पादुका नाहीत, घंटा नाही. उंबर ओढ्याकाठी वाढतोच. त्याची फुलं फळाच्या आत असतात, बाहेरून दिसत नाहीत. तसं एक झाड इथे आहे, एवढंच. झरा वाहतो आहे, वाट चालली आहे, सावली पसरते आहे. बसलेलं आहे ते फक्त झाड. आणि पाय पाण्यात सोडून.

मला या ओळीशी धीर येतो. ज्या काळोखाकडे वाट नेते, तिथे आपल्या आधीच कुणीतरी निवांत बसलेलं आहे. ते बुडत नाही, पळत नाही. त्याच पाण्यावर ते जगतं. म्हणून ही कविता मला निराशेची वाटत नाही. ती सोबतीची आहे.

तुम्हाला वेगळं वाटेल, तर तेच खरं धरा. समीक्षा नंतर वाचा. आधी एकदा मोठ्याने म्हणा, आणि शेवटच्या ओळीनंतर लगेच पान उलटू नका.