कान उघडे ठेवून

थर्ड शिफ्ट सुटली आहे. चाकणच्या तळेगाव चौकातून कंपनीची बस पिंपरीकडे निघते आहे.

खिडकीशी बसा. कानातले इअरप्लग काढा. प्रेस शॉपची धडधड अजून कानात आहे. असू दे.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

डोळे मिटा. समोर हिरवं पाणी येऊ द्या. मालवणचं, सिंधुदुर्गाच्या आसपासचं. किल्ल्याची पायाभरणी १६६४ सालची. प्रवाळ त्याही आधीचे.

स्कूबाची टाकी पाठीवर घेऊन उतरा. पोहता येत नसलं तरी चालेल, प्रशिक्षक सोबत आहे.

कानांवर दाब येतो. नाक चिमटीत धरा, हलकेच फुंका. कान मोकळे होतात. या पाण्यात इअरप्लग चालत नाहीत. प्लगमागे हवा अडकते, दाब वाढला की कानाला इजा होते. इथे कान उघडे ठेवूनच उतरायचं.

श्वास घ्या. श्वास सोडा. बुडबुडे गालावरून वर जातात.

श्वास रोखू नका. खाली कधीच नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो. श्वास धरून वर आलात, तर छातीतली हवा फुगते.

बुडबुड्यांपाशीच थांबा.

डाइव्हला कुठे जायचं? आता बघा, नजर कुठे जाते आहे?

हाताच्या अंतरावर? प्रवाळाच्या एका खळगीवर, पट्ट्यापट्ट्यांच्या एका माशावर? मग मालवण पुरे. पाणी गढूळसर असतं, चार-पाच मीटरपलीकडचं अनेकदा दिसत नाही. ज्याला जवळचंच बघायचंय, त्याचं काय बिघडतं?

दूरवर जाते आहे? मग अंदमान. स्वराज द्वीपाजवळ पाणी निवळलं की वीस मीटर दिसतं.

बुडालेल्या जहाजाकडे? गोव्याच्या ग्रँड बेटापाशी ते आहे. पण शिफ्टभर लोखंडच हाताळता ना तुम्ही! स्वतःला पुन्हा विचारा.

काहीतरी अवाढव्य हवंय? मालदीवच्या हनिफारूत मे ते नोव्हेंबर मांटा मासे येतात. तिथे पाठीवर टाकी घेऊ देत नाहीत. नळी तोंडात धरून वरूनच बघायचं.

उत्तराची घाई नको. श्वास घ्या. सोडा.

लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विरतो. मित्राच्या फोनमधले भडक फोटो बघून जागा ठरवू नका. ते बहुतेकदा दिव्याच्या उजेडात काढलेले असतात. तुमच्या डोळ्यांना निळंहिरवं दिसेल. ते चालेल का, एवढंच विचारा.

मालवण ठरलं, तर पावसाळा सोडून जा. आणि एक दिवस जास्तीची रजा टाका. खाली मुरलेला नायट्रोजन अंगातून हळूहळू निघतो. विमानासाठी एका डाइव्हनंतरही निदान १२ तास थांबतात. परतीच्या वाटेवरचा गगनबावड्याचा उंच घाटही त्याच दुपारी चढू नये. ती रात्र मालवणातच काढा.