घर, नौका आणि अनिकेत वृत्ती

गृहस्थाश्रम हा इतर सर्व आश्रमांचा आधार मानला गेला आहे. परंतु गृहस्थाचे ‘गृह’ म्हणजे नेमके काय, याचा विचार सहसा केला जात नाही. भिंती, छप्पर आणि त्यांत साठविलेल्या वस्तू यांनाच घर म्हणावे, तर वस्तू वाढतील तसा गृहस्थधर्मही वाढला पाहिजे. अनुभव मात्र पुष्कळदा उलट येतो. खोल्या वाढतात आणि त्यांत राहणारी माणसे एकमेकांस परकी होत जातात. मग घराचा त्याग करणाऱ्यालाच घराचे मर्म कळते, असे म्हणावे काय?

या प्रश्नाच्या विचारास एका दांपत्याचे उदाहरण उपयोगी पडेल. लिन आणि लॅरी पार्डी या पतिपत्नींनी अमेरिकेतील कॅलिफोर्निया येथे स्वतःच्या हातांनी ‘सेराफिन’ नावाची शिडाची नौका बांधली आणि १९६८ मध्ये ती पाण्यात सोडली. तिची लांबी सुमारे २४ फूट होती. तिला यंत्र नव्हते. वारा आणि एक लांब वल्हे एवढ्यावरच तिची गती अवलंबून होती. या नौकेत त्या दोघांनी सुमारे अकरा वर्षे संसार केला. पुढे त्यांनी ‘टॅलेसिन’ ही थोडी मोठी नौका बांधली. तिलाही यंत्र बसविले नाही.

अशा संसाराचे नियम निसर्गच घालून देतो. पिण्याचे पाणी मोजूनच वापरावे लागते. एकाने केलेली उधळपट्टी दुसऱ्याची तहान होते. नवी वस्तू घ्यावयाची तर जुनी काढून जागा करावी लागते. खुल्या समुद्रात रात्री एकजण निजतो, दुसरा जागतो. निजणारा आपले प्राण जागणाऱ्याच्या स्वाधीन करूनच डोळे मिटतो. भांडण झाले तर रागाने निघून जावयास दुसरी खोलीही नसते. तेथेच राहून, त्याच हातांनी शीड ओढीत मन निवळावे लागते. मोठ्या घरात जो संयम वर्षानुवर्षे टाळता येतो, तो नौकेत पहिल्याच आठवड्यात शिकावा लागतो.

लखनौच्या गृहस्थाला हे दूरदेशीचे वाटेल. परंतु त्याच्याही दारावरून गोमती वाहते. अवधच्या नबाबांनी मत्स्ययुग्म हे आपले राजचिन्ह केले आणि गोमतीच्या तीरावर छत्तर मंझिलीसारखे महाल उठविले. अलीकडच्या काळात त्याच महालाच्या आवारात खोदकाम होताना एका जुन्या लाकडी नावेचे अवशेष मातीतून वर आले. जी नाव कधीकाळी वैभव मिरवीत असेल, ती गाळाखाली गेली. १८५६ मध्ये अवधचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि वाजिद अली शाह यांना हे नगर सोडून कलकत्त्याकडे जावे लागले. महाल तीरावरच राहिला, महालाचा धनी गेला. पुढे १९६० मध्ये गोमतीला महापूर आला, तेव्हा पाणी लखनौच्या वस्तीत शिरले. घर स्थिर आणि नौका अस्थिर, ही समजूत किती अपुरी आहे, हे या नगराइतके दुसऱ्या कोणास सांगावे लागणार नाही.

परंतु येथे एक शंका उत्पन्न होते. वृद्ध मातापिता, आप्त, शेजारी, दारी येणारा अतिथी, या सर्वांना तीरावर सोडून दोघांनीच नौकेत सुखाने राहावे, हा धर्म आहे की पलायन? ही शंका क्षुल्लक नाही. अर्जुनालाही रणांगण सोडून भिक्षा मागणे श्रेयस्कर वाटले होते. त्याची भाषा वैराग्याची होती, पण मूळ शोकात आणि मोहात होते. भगवंतांनी त्याला जाऊ दिले नाही. अठराव्या अध्यायात त्यांनी स्पष्ट केले आहे की, नियत कर्माचा मोहाने केलेला त्याग तामस होय आणि कष्टाच्या भयाने केलेला त्याग राजस होय. अशा त्यागाचे फळ मिळत नाही. म्हणून नौकेत जाणाऱ्याला विचारले पाहिजे, ‘तू काय सोडलेस? ओझे सोडलेस की कर्तव्य?’

वाल्मीकींच्या कथेत वनवासास निघालेल्या श्रीरामांनी सीता आणि लक्ष्मण यांच्यासह गोमती ओलांडली आहे. त्यांनीही राजगृह सोडले होते. परंतु ते कर्तव्यापासून दूर जात नव्हते. पित्याचे वचन पाळणे हेच त्या वेळचे कर्तव्य होते. सीतेनेही वन निवडले ते सहधर्मचारिणी म्हणून. बाहेरून पाहता घर सोडणे एकच. अंतरीचा हेतू त्याला धर्म किंवा अधर्म करतो.

नौकेची रचनाही हेच शिकविते. शिडाच्या नौकेच्या तळाशी शिशासारख्या धातूचे जड वजन असते. ते काढून टाकले तर नौका हलकी होईल, पण पहिल्या जोरदार वाऱ्यात उलटेल. तेच वजन वर, फळ्यांवर रचले तरीही ती उलटेल. कर्तव्य हे तळचे वजन आहे आणि परिग्रह हे वर रचलेले. अविवेकी मनुष्य दोन्ही टाकतो किंवा दोन्ही वाहतो. विवेकी पहिले जपतो आणि दुसरे उतरवितो. दुसऱ्या अध्यायात वाऱ्याने भरकटणाऱ्या नौकेचा दृष्टांत आला आहे तो इंद्रियांमागे धावणाऱ्या मनासाठी. ज्याचे मन भरकटले, तो चौकातल्या हवेलीतही बुडतो.

पार्डी दांपत्याच्या उत्तरायुष्यात याची कसोटी लागली. ऑकलंड या मोठ्या शहराच्या उत्तरेस असलेल्या कवाऊ बेटावर त्यांनी आपला मुक्काम केला होता. लॅरी मेंदूच्या दीर्घ आजाराने ग्रस्त झाले आणि २०२० मध्ये निवर्तले. ज्याच्या हाती सुकाणू असे, त्यालाच दुसऱ्याच्या आधाराची गरज पडली. पतिपत्नींपैकी एकावर हा प्रसंग बहुधा येतोच, मग संसार पाण्यावर असो की भूमीवर. एकाने निजावे आणि दुसऱ्याने जागावे, हा रात्रीच्या पहाऱ्याचा नियम तेव्हा आयुष्याचा नियम होतो. साठविलेल्या वस्तू त्या वेळी उशाशी बसत नाहीत. जागणारे माणूस बसते.

बाराव्या अध्यायात प्रिय भक्ताचे एक लक्षण ‘अनिकेत’ असे सांगितले आहे. त्याच्याच शेजारी ‘स्थिरमती’ हे लक्षण आहे, याकडे साधकाने लक्ष द्यावे. निवासाविषयी ‘माझे’पण सुटले आणि बुद्धी स्थिर झाली, तर तो घरात राहूनही अनिकेत आहे. जनकाने मिथिला सोडली नव्हती.

म्हणून गृहस्थाने नौका शोधण्याची आवश्यकता नाही. त्याने आपल्याच घरात नौकेचे तीन नियम पाळून पाहावेत. नवी वस्तू आणताना एक जुनी वस्तू गरजवंताच्या हाती द्यावी. कलह झाला तर समेट होईपर्यंत दूर जाऊ नये. आणि घरात कोणी थकला, आजारी पडला वा वृद्ध झाला, तर आपली जागण्याची पाळी ओळखावी. ज्या घरात निजणाऱ्याला जागणाऱ्याचा विश्वास आहे, ते घर तीरावर असो वा प्रवाहात, भगवंतांच्या कृपेने पार लागल्यावाचून राहत नाही.